तारेची दोन टोकं

हिंगोलीहून एका कॉलेजकुमाराने विचारलं आहे: ‘स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतली, शिकतोय. आवाज पातळ वाटतो, सूरही टिकत नाही. यूट्यूबवर सगळे पिकअप बदला म्हणतात. आधी काय बदलू? पिकअप, ट्यूनर की ब्रिज?’

माझं उत्तर असं की, आधी फक्त तारा बदला. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ वेटोळ्यांत बसून तारा लवकर मरतात, आणि मेलेल्या तारेखाली दहा हजारांचा पिकअप लावला तरी तो मेलेली तारच ऐकवणार. नव्या तारा चढवल्या की त्यांच्या दोन टोकांकडे बघा. एका टोकाला नट असतो, दुसऱ्या टोकाला ब्रिजवरचा सॅडल. गिटारची बहुतेक दुखणी तिथे असतात.

सूर उतरला की शिव्या ट्यूनरला बसतात. पण ट्यूनरमध्ये वर्म गिअर असतो. किल्लीचे चौदा-पंधरा फेरे झाले की खुंटी एकदा फिरते, आणि उलट बाजूने तारेने ओढून तो गिअर सहसा फिरत नाही. खरा चोर बहुधा नटच्या खाचेत असतो. तार ताणून स्वर वर नेला की ती खाचेतून केसभर सरकते आणि परत येताना तिथेच अडकते. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो का ते बघा. मारत असेल तर खाचेत साध्या पेन्सिलीचं टोक घासा. ग्राफाइटचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि तारेला वाट मिळते. खाच फारच अरुंद असेल तर नट बदलावा. त्याला ट्यूनरच्या संचापेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतात.

दुसरं टोक स्क्रू-ड्रायव्हरने सुधारतं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे तिथे दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. पण दाबताना तार थोडी ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. म्हणून सॅडल किंचित मागे घेऊन तार हिशेबापेक्षा जरा लांब ठेवतात, जाड तारेला आणखी जरा जास्त. मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅप समोर ठेवा आणि अर्धा तास द्या. टायटॅनियमच्या सॅडलने ‘स्वरात प्राण येतो’ असं सांगणाऱ्या जाहिराती तोवर खुशाल बंद ठेवा.

टोकांचं हे माहात्म्य मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. त्यांची जवारी म्हणजे दुसरं काय? घोडीचा, म्हणजे ब्रिजचा, माथा असा घासायचा की तार त्याला एका बिंदूत न टेकता थरथरताना टेकत-सुटत राहील. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे स्थिर राहणारे उपस्वर तिच्यातून निघत नाहीत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांचा नियम आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात, आणि त्याचं कारण ती घोडी. रामन म्हटलं की आपण थेट १९३० च्या नोबेलवर जातो. त्याआधी हा माणूस कितीतरी वर्षं तारा आणि चामड्याच्या पुड्या ऐकत बसला होता, हे क्वचितच कुणी सांगतं. गंमत म्हणजे तुमच्या गिटारच्या नटची खाच खोल गेली, तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला टेकत-सुटत झणझणते. मिरजेत ज्यासाठी पैसे मोजतात त्याचंच हे भावंड, आणि ते घालवायला आपण पैसे मोजतो.

पण तारेचं हार्डवेअर बदलण्याची सगळ्यात खर्चीक गोष्ट तुमच्याच जिल्ह्यात येऊ घातली आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आणि त्यांत लेझरचा झोत परतवणारे आरसे. बातम्यांमध्ये कृष्णविवरं असतात, आइन्स्टाइन असतो, जमिनीचे भाव असतात. आरसा टांगतात कशावर, हे मात्र कुठे येत नाही.

अमेरिकेतल्या पहिल्या लायगोत तो पोलादी तारेवर टांगला होता, पियानोत असते तशा. २०१० पर्यंत त्या यंत्राला एकही लहर सापडली नाही. मग जवळजवळ सगळंच बदललं: लेझर, आरसे, जमिनीचे हादरे अडवणारी यंत्रणा, आणि पोलादाच्या जागी शुद्ध सिलिकाचे, म्हणजे काचेचे धागे. सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली लहर सापडली. श्रेय एकट्या धाग्यांचं नाही, पण त्यांची मापं वाचून मी चाट पडलो. आरसा ४० किलोचा. धागे चार, म्हणजे प्रत्येकावर १० किलो. धाग्याची लांबी ६० सेंटिमीटर, जाडी ०.४ मिलिमीटर. आता तुमच्या गिटारची पहिली तार घ्या. लांबी जवळजवळ ६५ सेंटिमीटर, जाडी पाव मिलिमीटर, ताण सात किलोच्या आसपास. तो काचेचा धागा ५०० हर्ट्झच्या जवळपास गातो. तुम्ही पहिली तार सातव्या फ्रेटवर दाबून छेडलीत तर ४९४ हर्ट्झ येतो. दुधाळ्याचं यंत्र त्याच सुधारित नमुन्यावर व्हायचं आहे, तेव्हा तुमच्या हातातलं वाद्य आणि औंढ्याचं यंत्र जवळपास एकाच स्वरात असतील.

फरक आहे तो विरण्यात. गिटारची तार काही सेकंदांत गप्प होते. भूकंपाच्या धक्क्याने एकदा थरथरलेला काचेचा धागा मात्र आपोआप शांत व्हायला कित्येक दिवस घेतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याला मोजून-मापून उलटे धक्के देत थांबवतात. मग इतका गाता धागा हवाच कशाला? कारण उष्णतेमुळे धाग्यातले अणू सतत थरथरत असतात आणि ती थरथर आरशापर्यंत जाते. ती एकूण किती असावी हे तापमान ठरवतं. कोणत्या स्वरांवर किती पसरावी, हे धाग्यातलं घर्षण ठरवतं. घर्षण जवळपास नाहीसं केलं की सगळी थरथर धाग्याच्या स्वतःच्या स्वरांवर गोळा होते. गावभर कुजबुजणारी माणसं एका पारावर आणून बसवली की बाकी गावात टाचणी पडली तरी ऐकू यावी, तसं. पहिल्या सापडलेल्या लहरीचा स्वर ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला होता, म्हणजे पारापासून चांगलाच दूर.

हे घर्षण मुख्यतः कुठे होतं? टोकांना. धागा वाकतो तो तिथेच. पोलादी तार आरशाला खालून वेढा घालून होती आणि जिथे टेकत होती तिथे घासत होती. काचेचा धागा आरशाला चिकटवलेल्या काचेच्याच कानांना लेझरने वितळवून जोडतात, त्यामुळे घासायला फटच उरत नाही. शिवाय वाकण्याच्या जागी तो मुद्दाम दुप्पट, ०.८ मिलिमीटर जाड ठेवतात. हे बरंचसं काम ग्लासगो विद्यापीठातलं.

या धाग्यांचा मूळपुरुष मात्र विस्मरणात गेलेला एक इंग्रज आहे, चार्ल्स व्हर्नन बॉइज. नाजूक उपकरणं टांगायला त्यांना असा धागा हवा होता की पिळला तर पूर्ण मागे फिरेल. १८८७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी काडीचा एक हलका बाण केला, त्याच्या शेपटीला स्फटिकाची कांडी चिकटवली, ज्योतीत ती पांढरीफटक होईपर्यंत तापवली आणि आडव्या धनुष्यातून बाण सोडला. बाण खोलीच्या पलीकडे गेला आणि मागे हवेत डोळ्यांना जेमतेम दिसेल असा धागा राहिला! पुढे असल्याच धाग्यावर गोळ्या टांगून त्यांनी न्यूटनचा गुरुत्वीय स्थिरांक मोजला. कथाकार एच. जी. वेल्स त्यांचा विद्यार्थी. त्याने बॉइज यांच्या शिकवण्याबद्दल काही बरं लिहिलेलं नाही. चालायचंच, धनुष्य चालवणाऱ्याने फळाही नीट वापरावा अशी अपेक्षा जरा जास्तच होते.

आता तुमच्या प्रश्नातला पिकअप. चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस्स. पोलादी तार हलली की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेढ्यांत वीज उमटते. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही त्यात शिरते. ही गुणगुण छळत असेल तर हमबकर घ्यायला माझी हरकत नाही. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांची ती १९५५ ची युक्ती आहे. त्यात दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण वजा होते आणि तारेचा आवाज बेरजेत राहतो. मात्र त्याआधी जुन्याच पिकअपची उंची दोन स्क्रूंनी कमी-जास्त करून ऐका. चुंबक तारेच्या फार जवळ असला तर तो तिला ओढतो, स्वर डगमगतो आणि लवकर विरतो. ‘पातळ आवाज’ कित्येकदा या स्क्रूंनीच भरून येतो.

तरीही बदलायचाच ठरला, तर आधी जुन्या पिकअपची लांबी-रुंदी आणि खालच्या खाचेची खोली मोजून घ्या, फोटो काढा, आणि सोल्डरिंग येणाऱ्याला शेजारी बसवा. ब्रिजखाली अर्थची एक बारीक वायर जोडलेली असते. ती तुटू देऊ नका, नाहीतर नवा पिकअप जुन्यापेक्षा जास्त गुणगुणेल.