खाणीतून परत आलेली यंत्रं

इंग्लंडच्या बेडफर्डशर परगण्यात आर्लसी नावाचं गाव आहे. लिंकन शहरातल्या रस्टन प्रॉक्टर कंपनीनं १९०९ साली बनवलेलं, वाफेवर चालणारं एक खोदयंत्र तिथल्या खडूच्या खाणीत राबत होतं. काम संपल्यावर ते तिथंच सोडून दिलं गेलं. खाणीत पाणी भरलं, यंत्र बुडालं आणि कित्येक वर्षं निळ्या पाण्याखाली पडून राहिलं. १९७० च्या दशकात ते वर काढलं, लिंकनच्या संग्रहालयात ठेवलं. पुढे कंब्रियातल्या थ्रेलकेल्ड खाण-संग्रहालयात ‘व्हिंटेज एक्स्कॅव्हेटर ट्रस्ट’च्या हौशी मंडळींनी त्याचा सांधा न् सांधा मोकळा करून ते पुन्हा वाफेवर चालतं केलं. ३०६ क्रमांकाचं हे यंत्र माती उचलताना बघायला लोक मुद्दाम प्रवास करून येतात.

रेल्वेचं जुनं इंजिन भंगारात निघालं की हळहळणारे पुष्कळ असतात. त्या गाडीनं कुणी आजोळी गेलेलं असतं, कुणी नोकरीला. खोदयंत्राच्या वाट्याला हे प्रेम कधी आलं नाही. ते खड्ड्यात राहतं, गावापासून लांब, धुळीत. कालवा झाला की लोक कालवा बघतात. तो कुणी खणला हे विचारत नाहीत. त्यातून अंगावर कित्येक टन लोखंड, म्हणजे मालकाच्या लेखी बंद पडल्या दिवसापासून त्याची किंमत वजनावर. म्हणून आज जी जुनी यंत्रं उरली आहेत, त्यांतली बरीचशी बाहेर ओढून आणणं परवडत नव्हतं म्हणून उरली. आधी लोक त्यांना विसरले, म्हणून ती वाचली. हौशी माणसं नंतर पोचली.

या यंत्रांची वंशावळ विल्यम ओटिस या अमेरिकी तरुणापासून सुरू होते. वाफेच्या फावड्याचं पेटंट त्यानं १८३९ मध्ये मिळवलं आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो वारला. यंत्राचा खरा बोलबाला झाला तो पुढं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८७ ते १८९४ या काळात खणलेल्या मँचेस्टर जहाज कालव्यावर रस्टनची ७१ यंत्रं होती. पनामा कालव्यावर अमेरिकनांनी १०२ वाफेची फावडी लावली, त्यांतली ७७ एकट्या ब्युसायरस कंपनीची. नोव्हेंबर १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामाला गेले, तेव्हा ब्युसायरसच्या ९५ टनी यंत्रात चढून चालकाच्या जागी बसले. त्या क्षणाचा फोटो या छंदातल्या माणसांच्या भिंतीवर हमखास दिसावा असाच आहे. ब्युसायरसची कट्टर प्रतिस्पर्धी मॅरियन. तिचं १९०६ सालचं ‘मॉडेल ९१’ न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावाजवळ अजून उभं आहे. १९४९ नंतर ते चाललं नाही, पण २००८ मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा-नोंदवहीत नोंद झाली.

त्या काळच्या यंत्राला एक चालक पुरत नसे. एक जण बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, फिरवणं आणि बकेट वर ओढणं बघायचा. दुसरा बूमच्या बगलेला उभा राहून बकेट मातीत रेटायचा आणि दोरी ओढून तिचा तळ उघडायचा. तिसरा बॉयलरला कोळसा घालायचा. शिवाय यंत्र पुढं सरकवायला रूळ उचलून पुन्हा मांडणारे मजूर वेगळे. इतक्या माणसांचा मेळ जमला तरच एक बकेट माती डब्यात पडायची. पुढं रुळांच्या जागी चेन आली, वाफेच्या जागी डिझेल आलं आणि सगळा कारभार एका माणसाच्या हातापायांत आला.

या छंदाचा जीव माझ्या मते इथं आहे. वायर रोपवर चालणारं यंत्र, उदाहरणार्थ लिंकनचंच रस्टन-ब्युसायरस २२-आरबी, ड्रॅगलाइन म्हणून, म्हणजे दोरानं बकेट लांब टाकून ओढून आणताना बघावं. एका हाताखाली बकेट वर उचलणाऱ्या ड्रमचा क्लच, दुसऱ्या हाताखाली ती ओढून आणणाऱ्या ड्रमचा, आणि पायाखाली दोन्हींचे ब्रेक. चालक बूम गर्रकन फिरवतो, रिकामी बकेट झोक्यात बाहेर जाते, आणि नेमक्या क्षणी तो ब्रेक सोडतो. कोळ्यानं खाडीत पाग फेकावी तशी बकेट बूमच्या टोकापलीकडं जाऊन पडते. ब्रेक क्षणभर उशिरा सुटला तर बकेट अलीकडंच आदळते. लवकर सुटला तर दोर ड्रमवर सैल पडून गुंततो. आजच्या हायड्रॉलिक यंत्रात हे काम तेल आणि व्हॉल्व्ह करतात. इथं चालकाला ब्रेकच्या लायनिंगचा वास, दोराचा ताण आणि इंजिनाचा बदललेला सूर कळावा लागतो. पुस्तिकेत त्यातलं थोडंच लिहिता येतं. म्हणून काचेआड उभ्या केलेल्या यंत्रावर या मंडळींचं समाधान होत नाही. चालतं यंत्र हवं, आणि त्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या चालकाकडून तरुणानं हात शिकून घ्यायला हवा.

डोंगराएवढ्या यंत्रांची गोष्ट निराळी, आणि बहुतेक वेळा दुःखाची. इप्सविचच्या रॅन्सम्स अँड रेपियर कंपनीनं बांधलेली ‘सनड्यू’ ही १,६७५ टनांची ड्रॅगलाइन १९५७ मध्ये रटलंडच्या लोहखनिजाच्या खाणीवर कामाला लागली. त्या वर्षीची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचं नाव तिला दिलं होतं. तिला चाकं नव्हती, चेन नव्हती. दोन प्रचंड पावलं पुढं टाकत ती सरकायची. १९७४ मध्ये खाण बंद झाली, तेव्हा सुटी करून नेण्यापेक्षा चालवत नेणं स्वस्त, असा हिशेब निघाला आणि सनड्यू सुमारे २१ किलोमीटर चालत कॉर्बीला गेली. वाटेत रस्ते, रेल्वेमार्ग, नदी, शेतांची कुंपणं ओलांडली, जवळजवळ दोन महिने लागले. एवढं करून १९८७ मध्ये तिचं भंगार झालं. चालकाची केबिन आणि बकेट तेवढी उरली.

लीड्सजवळच्या सेंट एडन्समधली ‘ऑडबॉल’ मात्र नशीबवान. १,२०० टनांवरची ही अमेरिकी बनावटीची ब्युसायरस-इरी ड्रॅगलाइन आज पक्षी-अभयारण्याच्या काठावर उभी आहे आणि स्वयंसेवक तिची निगा राखतात. कॅन्ससमधला ‘बिग ब्रूटस’, ४९ मीटर उंचीचं विजेवरचं फावडं, १९६३ पासून जेमतेम ११ वर्षं चाललं. हलवणं परवडेना म्हणून ते जागीच राहिलं आणि १९८५ मध्ये त्याचंच संग्रहालय झालं. ओहायोतल्या ‘सिल्व्हर स्पेड’ या फावड्यासाठीही स्थानिकांनी खूप धडपड केली, पण पैसा उभा राहिला नाही, २००७ मध्ये ते तोडायला घेतलं. ‘बिग मस्की’ या जगातल्या सर्वांत मोठ्या ड्रॅगलाइनची १९९९ मध्ये तीच गत झाली. तिची १६८ घनमीटरची बकेट आज एका स्मारक-बागेत ठेवली आहे.

जुनं यंत्र पुन्हा चालतं करायला पैसा आणि क्रेन लागतातच, पण कागद त्याहून दुर्मीळ. गंजून चिकटलेली पिन तापवून, तेल मुरवून, घणाचे घाव घालून निघते. बुश नवं घडवता येतं. पण मूळ माप कुठून आणायचं? कंपनी बुडालेली, नकाशे रद्दीत गेलेले. अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला बांधकाम-यंत्रांच्या इतिहासाला वाहिलेली संस्था आहे. यंत्रांइतकाच जीव ती जुन्या पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि फोटो जपण्यात घालते. मला ते काम सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आता छंदाची पुढची पिढी हायड्रॉलिक यंत्रांकडं वळली आहे. फ्रान्सच्या पोक्लेनचं १९६१ चं टीवाय-४५, वेल्समधली हायमॅक, १९६४ चं जेसीबी-७, जपानचं १९६५ चं हिताची यूएच-०३ ही आता ‘व्हिंटेज’मध्ये मोडतात. इथं आपला थेट संबंध येतो. टेल्को कंपनीनं १९६१ पासून जमशेदपूरला अमेरिकेच्या पी अँड एच कंपनीशी करार करून खोदयंत्रं बनवली. लार्सन अँड टुब्रोनं पोक्लेनची यंत्रं भारतात आणली, बनवली, आणि आपल्याकडं गावोगावी कुठल्याही कंपनीच्या यंत्राला पोकलेन म्हणायची सवय लागली ती तेव्हापासून.

आपल्याकडच्या वायर रोपच्या यंत्रांपैकी एखादं चालतं ठेवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. धरणांच्या जुन्या वसाहतींमागं, खाणींच्या यार्डात त्यांचे सांगाडे असतील, तर गॅस कटर लागण्याआधी निदान कंपनीची पाटी, अनुक्रमांक आणि फोटो नोंदवून ठेवता येतील. पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरांच्या घरी सर्व्हिस मॅन्युअल माळ्यावर पडलेली असू शकतात. ती रद्दीत जाण्याआधी स्कॅन करायला हवीत. आणि ज्यांना बकेट फेकायचा तो क्षण ठाऊक आहे, त्यांना एकदा लिव्हरवर हात ठेवून बोलतं करायला हवं, कॅमेरा चालू ठेवून.