औषधाची तालीम

दिवाळीत साखरेच्या डब्याला घरोघर मान असतो. पाक चुकला तर लाडू बिघडतात, याहून मोठा अनर्थ होत नाही. परंतु इस्पितळात अत्यवस्थ पडलेल्या माणसाच्या रक्तातील साखरेचा हिशेब चुकला, तर गाठ थेट प्राणाशी असते!

ज्याला मधुमेह कधी ठाऊक नव्हता, अशाचीही साखर जबर आजारात चढते. ती उतरवायला इन्शुलिन आहे. प्रश्न एवढाच, की किती द्यावे?

२००१ साली बेल्जियममधील ल्युव्हेन येथे डॉ. ग्रेट व्हान डेन बर्ग यांनी शस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात साखर ८० ते ११० मिलिग्रॅममध्ये काटेकोर राखली. तेथील मृत्यू शेकडा ८ वरून ४.६ वर आले. जगभर आशा पालवली. पण २००९ साली सहा हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘नाइस-शुगर’ चाचणीचा निकाल उलटाच लागला. साखर १८० पर्यंत चालू दिलेल्यांत ९० दिवसांत शेकडा २४.९ दगावले होते. काटेकोर गटात २७.५! साखर ४० वर वा त्याखाली घसरण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यावरून ६.८ टक्क्यांवर गेले.

यात मोठी अडचण अशी, की इन्शुलिनला शरीर देते ती दाद तासातासाला पालटते. सकाळी पुरी न पडलेली मात्रा संध्याकाळी घातक ठरू शकते. मग अंदाज बांधायचा कोणाच्या जिवावर?

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या अभियंत्यांनी आणि डॉक्टरांनी या निकालाआधीच यावर तोड शोधली होती. खऱ्या रुग्णांची साखर, इन्शुलिन आणि आहार यांच्या नोंदींवरून प्रत्येकाची तासागणिक ‘दाद’ त्यांनी गणिताने काढली, आणि संगणकात त्याचा प्रतिरुग्ण उभा केला. त्याच्यावर हवी ती रीत आजमावावी. चुकली तरी कोणाच्या घरी रडे उठत नाही.

या तालमीतून ‘स्प्रिंट’ पद्धत सिद्ध झाली आणि २००५ पासून तेथील इस्पितळात रुजू झाली. मौज अशी, की संगणकाची ही सारी विद्या परिचारिकेच्या हाती आली ती फिरवायच्या साध्या चकत्यांच्या रूपाने! दर तासा-दोन तासांनी साखर तपासायची, चकती फिरवायची, की इन्शुलिन किती आणि नळीवाटे अन्न किती, दोन्ही समजते.

नाटकात तालमीतली चूक प्रेक्षकांना दिसत नाही. येथेही तसेच. मात्र तालीम कितीही झाली, तरी प्रयोगाच्या रात्री रुग्णाच्या उशाशी जागे राहायला माणूसच लागतो.