डिस्कवरची एरर प्रोग्रामला कळते कधी?

प्रोग्रामने फाइलमध्ये लिहिले आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ‘यशस्वी’ असे उत्तर दिले, की माहिती डिस्कवर गेली, हा फाइल सिस्टिमविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती तोवर फक्त मेमरीतल्या पेज कॅशमध्ये पोचलेली असते. लिनक्स अशी बदललेली पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, साधारणपणे ३० सेकंद जुनी झाली, की डिस्ककडे पाठवतो. पनवेलच्या करंजाडे नोडमधल्या एखाद्या दुकानात बिल सेव्ह होताच वीज गेली आणि संगणकाला यूपीएस नसला, तर ते बिल नाहीसे होऊ शकते. खात्री हवी असेल तर प्रोग्रामने ‘एफसिंक’ हा कॉल करून त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते. फाइल बंद करणारा ‘क्लोज’ कॉल ही हमी देत नाही. नवी फाइल असेल तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरही एफसिंक करणे इष्ट, हे अनेक अनुभवी प्रोग्रामरही विसरतात.

वीज अखंड असली म्हणजे प्रश्न मिटला, असेही मानले जाते. पनवेलजवळच हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योटा कंपनीचे ‘एनएम१’ डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत विजेचे पर्यायी मार्ग, बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. त्यांमुळे वीज जाण्याचा धोका टळतो, पण खराब सेक्टर, साठवणीशी जोडणारे तुटलेले नेटवर्क किंवा सामायिक साठ्यातली अचानक संपलेली जागा यांवर जनरेटरचा इलाज चालत नाही.

एरर आली की ती लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच कळते, ही समजूतही खरी नाही. डिस्ककडे पान पाठवण्याचे काम मागाहून, पडद्याआड होते. तोवर त्या प्रोग्रामने फाइल बंद केलेली असू शकते, किंवा तो स्वतःच संपलेला असू शकतो. मग निरोप कोणाला द्यायचा? लिनक्समध्ये पूर्वी फाइलपाठी एकच खूण ठेवली जाई. जो प्रथम विचारेल त्याला एरर मिळे आणि खूण पुसली जाई. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने आधी चौकशी केली, तर खऱ्या मालकाला सारे आलबेल वाटे. २०१७ च्या ४.१३ आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाने कुठवरच्या एरर पाहिल्या आहेत याची नोंद स्वतंत्रपणे राहू लागली, त्यामुळे एकाने विचारले म्हणून दुसऱ्याचा निरोप हरवत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र वेगळा आहे: एफसिंक अपयशी ठरले, तर पुन्हा करून पाहावे. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ हा डेटाबेस अनेक वर्षे हेच करत होता. २०१८ च्या वसंतात या डेटाबेसवर काम करणाऱ्या क्रेग रिंगर यांनी त्यातला धोका विकासकांसमोर मांडला. लिहिणे फसल्यावर लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टिम त्या पानावरची ‘अजून लिहायचे आहे’ ही खूण काढून टाकत. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरतच नसे, म्हणून ते ‘यशस्वी’ ठरे. डेटाबेस तेवढ्यावर विश्वास ठेवून आपल्या लॉगमधला, म्हणजे बदलांच्या आगाऊ नोंदीतला, तो भाग आता अनावश्यक समजे. डिस्कवर मात्र जुनीच माहिती असे. खूण काढण्यामागे कारण होते. पेन ड्राइव्ह मध्येच उपसला, तर न लिहिता येणारी पाने मेमरी कायमची अडवून बसतील. फ्रीबीएसडीने उलट मार्ग घेतला आणि ती पाने राखून ठेवली. दोन्ही बाजूंना तर्क आहे, पण अपयशानंतर खोटे यश सांगणे हे कुठल्याही तर्काने समर्थनीय नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२ आणि तिच्यासोबतच्या आवृत्त्यांत पोस्टग्रेएसक्यूएलने धोरण बदलले. आता एफसिंक फसले की सर्व्हर जाणूनबुजून थांबतो आणि लॉगमधून माहिती नव्याने उभी करतो.

हाही पूर्ण उपाय नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये रेडिस, एसक्यूलाइट, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखे प्रोग्राम तपासले, तेव्हा त्यांपैकी कोणाचीही उपाययोजना पुरेशी आढळली नाही. मेमरीतले पान नवे आणि डिस्कवरचे जुने, अशा अवस्थेत पुन्हा सुरू झालेला प्रोग्राम मेमरीतलेच वाचून फसू शकतो.

एरर आली की फाइल सिस्टिम आपोआप फक्त वाचण्यापुरती खुली राहते, असेही ऐकू येते. एक्स्ट४ मध्ये तशी सोय आहे, पण ती डिरेक्टरी, आयनोड (फाइलविषयीची नोंद) अशा आतल्या रचनेतल्या बिघाडासाठी. फाइलमधला मजकूर लिहिताना आलेल्या एररने ती सहसा जागी होत नाही. शिवाय डिस्कने एरर न देता चुकीचे बाइट परत केले, तर एक्स्ट४ ला ते मजकुरात ओळखता येत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस मजकुराचेही चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, ठेवतात. वाचताना ते जुळले नाही आणि दुसरी चांगली प्रत नसली, तर चुकीचे बाइट देण्याऐवजी प्रोग्रामला एरर देतात.