निरांजन कुणी नेलं?

गेल्या डिसेंबरात माझ्या धाकटीला नऊ वर्षं पूर्ण झाली. मेहकरच्या आमच्या घरात बारा मुलं जमली होती. पाट मांडला होता, ताटात सुपारी, अंगठी, अक्षता होत्या, आणि खामगावच्या सराफाकडून आणलेलं चांदीचं निरांजन मात्र जागेवर नव्हतं. "निरांजन सापडल्याशिवाय औक्षण नाही, आणि औक्षणाशिवाय केक नाही," असं मी जाहीर केलं. पुढचा दीड तास त्या बारा जणांपैकी एकानंही मोबाइल मागितला नाही.

हा होता गुप्तहेराचा खेळ. घरात एक चोरी घडवून आणायची, घरातलीच चार माणसं संशयित करायची, पुरावे पेरायचे आणि तपास मुलांच्या हाती द्यायचा. इंग्लंडमध्ये १९४९ साली 'क्लूडो' नावाचा पटावरचा तपासाचा खेळ बाजारात आला आणि जगभर गेला. आता वाढदिवसासाठी असे तयार खेळही विकत मिळतात. पण त्यातले वाडे, बटलर आणि खून आमच्या पोरांच्या काय कामाचे? त्यांना आपल्या घरातली चोरी हवी. शोधाची गोडी आपल्याकडे मुळातच आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून आमची पिढी वाढली, आणि त्याआधीच्या पिढीनं बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा रात्र-रात्र जागून वाचल्या.

खेळ रचताना मी सुरुवात शेवटापासून करते. चोर कोण, त्यानं वस्तू का नेली आणि कुठे ठेवली, हे आधी ठरवायचं, आणि मग तिथून मागे येत पुरावे मांडायचे. आमच्या खेळात निरांजन आजोबांनी नेलं होतं, घासून लख्ख करायला. औक्षणाआधी ते चकाकावं एवढाच त्यांचा हेतू. बाकीचे संशयित म्हणजे मामा, शेजारच्या काकू आणि धाकटीचे बाबा. तिघा-तिघांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीत एकानं लिहायचं, एकानं प्रश्न विचारायचे आणि एकानं वस्तू हाताळायच्या. त्यामुळे बुजरं मूलही मागे राहत नाही.

पहिला पुरावा दारातच होता. उंबऱ्यापाशी मी मुद्दाम रांगोळी सांडून ठेवली होती आणि तिच्यात चपलेचा ठसा उमटलेला होता. मुलांनी पट्टीनं त्याची लांबी मोजली, तळव्यावरची नक्षी कागदावर उतरवली आणि दारातल्या सगळ्या चपला उलट्या करून पाहिल्या. पूर्वी गावात चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला की तपासाची जबाबदारी त्या गावावर जायची. 'माग काढणं' हा शब्द आपण रोज वापरतो. त्या दिवशी मुलांनी तो हातांनी अनुभवला.

दुसरा पुरावा बोटांचा. निरांजन ज्या स्टीलच्या ताटात होतं, त्याच्या काठावर अंगठ्याचा ठसा होता. कोळशाची वस्त्रगाळ पूड मऊ ब्रशानं हलकेच फिरवली की ठसा दिसू लागतो. त्यावर चिकटपट्टी दाबून उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. संशयितांचे ठसे घेणं त्याहून सोपं. कागदावर पेन्सिल गडद घासायची, त्यावर अंगठा घासायचा, अंगठ्यावर चिकटपट्टी लावायची आणि ती कागदावर उतरवायची. आपल्याकडे बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजायची जुनी हौस आहे. मुलांना सांगितलं, तेच पाहा. चौघांपैकी फक्त आजोबांच्या अंगठ्यावर चक्र निघालं. मग मी त्यांना कोलकात्याची गोष्ट सांगितली. तिथे १८९७ साली जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांचा मोठा वाटा होता. मुलं आपापली बोटं पाहतच राहिली.

पण त्याआधी एक गडबड झाली, आणि ती मी ठरवूनच घडवली होती. "मी चारच्या गाडीनं आलो," असं मामानं सांगितलं होतं. त्याच्या पिशवीत एसटीचं तिकीट सापडलं. त्यावर सकाळची वेळ छापलेली. एकच गलका झाला: "मामानंच नेलं! खोटं बोलला!" मी म्हटलं, "खोटं बोलला हे खरं. पण निरांजन त्यानं नेलं हे कशावरून?" मुलं गप्प झाली. मामाची चप्पल ठशाशी जुळत नव्हती, आणि पुढे त्याच्या अंगठ्यालाही चक्र निघालं नाही. काकूंना खोदून विचारल्यावर उलगडा झाला. मामा सकाळीच आला होता आणि भाचीसाठी आणलेली सायकल त्यानं काकूंच्या अंगणात लपवली होती.

हा खेळ मी एवढ्या जिवापाड का मांडते, ते इथे सांगते. पाचवीत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली. मी तिच्या मागच्या बाकावर बसायची, एवढ्यावरून सगळ्या वर्गासमोर माझं दप्तर उलटं केलं गेलं. पेटी दुसऱ्या दिवशी तिच्याच घरी सापडली. मला मात्र वर्षभर 'चोर' म्हणून हाक मारली गेली. म्हणून माझ्या खेळात दोन नियम पक्के आहेत. चोर कधीही मूल नसतं, मोठं माणूसच असतं. आणि तीन पुरावे हातात आल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.

या दुसऱ्या नियमाचा सगळ्यात मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे, लोणारला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराकडे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं लक्ष गेलं. आजूबाजूचा सगळा दगड काळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्यामुळे विवरही ज्वालामुखीचंच असणार, असं बराच काळ मानलं गेलं. संशयित समोरच उभा होता, आमच्या मामासारखा. पुढे संशोधकांनी तळ खोदून नमुने काढले आणि १९७३ साली त्यांत मॅस्केलिनाइट सापडल्याचं जाहीर केलं. हे काचेसारखं द्रव्य प्रचंड आघातानंच तयार होतं. विवर उल्केनं पाडल्याचा पुरावा मिळायला दीडशे वर्षं लागली. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही उत्तर पुराव्यानंच दिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर बोट ठेवलं.

तिसरा पुरावा आमच्या तपासात एका चिमुरडीनं शोधला. ताटाशेजारी पांढरी भुकटी सांडली होती. तिनं ती हुंगली आणि थेट आजोबांपुढे उभी राहिली. "आबा, हे तुमचं दंतमंजन हाय. अन् तुमच्या चपलीले रांगोळी कायले लागली?" दंतमंजनानं चांदी घासतात, हे तिला तिच्या आजीमुळे ठाऊक होतं. आजोबांनी हसून हात जोडले आणि पंचांगातून एक कोरा कागद काढून दिला.

त्या कागदावर मी आदल्या दिवशी पापडखाराच्या पाण्यात काडी बुडवून अक्षरं लिहिली होती. वाळल्यावर ती दिसत नाहीत. मुलांनी हळदीचं पाणी कापसानं फिरवलं आणि पिवळ्या कागदावर लालसर अक्षरं उमटली: ज्वारीच्या कोठीत पाहा. हळद खाराला भेटली की लाल होते. हळदीचं कुंकू याच गुणामुळे करता येतं. लोणारचं पाणीही असंच खारट आणि अल्कधर्मी आहे, हे मी सांगताच सगळ्यांना सहलीला जायची घाई झाली.

कोठीतून आजोबांच्या उपरण्यात गुंडाळलेलं निरांजन निघालं, लख्ख घासलेलं. औक्षण झालं, केक कापला, आणि मग बाराही मुलं सायकल पाहायला काकूंच्या अंगणात धावली.

साहित्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत आला, कारण रांगोळी, कोळसा, हळद, पापडखार घरातच होतं. हा खेळ आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना उत्तम जमतो. त्याहून लहान मुलांसाठी लेखी जबाब गाळा आणि चित्रांच्या खुणा ठेवा. पूड आणि भुकटी डोळ्यांत जाऊ नये म्हणून एक मोठं माणूस सतत शेजारी हवं.

तुमच्या घरी पुढचा वाढदिवस येईल तेव्हा हा खेळ करून पाहा. आणि खेळ संपल्यावर मुलांनी ज्याच्यावर खोटा आळ घेतला असेल, त्याची सगळ्यांना मिळून माफी मागायला लावा. आमच्या घरी बारा जणांनी मामाची मागितली.