उसनी प्रतिपिंडं आणि हुकलेली वेळ

एप्रिल २०२१. पुणे, नाशिक, नागपूर, मुंबई... कुठल्याही शहरातला कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला की तोच मजकूर दिसायचा. रुग्णाचं वय, रक्तगट, ऑक्सिजनची पातळी, आणि शेवटी ‘प्लाझ्मा तातडीने हवा’. अनोळखी माणसांसाठी करोनातून बरी झालेली तरुण मुलं रक्तपेढ्यांत जाऊन प्लाझ्मा, म्हणजे आपल्या रक्तातला द्रव भाग, देत होती, नातेवाईक रात्री-अपरात्री पिशव्या घेऊन धावत होते. आयसीएमआरच्या ‘प्लासिड’ चाचणीचा निकाल तोवर प्रसिद्ध होऊन सहा महिने झाले होते. भारतातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर झालेली ही चाचणी. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. तरीही उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेने अनेक घरं रिकामी केल्यानंतर.

त्या धावपळीला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्यामागची कल्पना शास्त्रशुद्ध होती आणि जुनीही. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की धनुर्वाताला तोंड देण्याची क्षमता आलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचतो. सर्पदंशावर आज दिलं जाणारं प्रतिविष याच तत्त्वावर चालतं. घोड्याने तयार केलेली प्रतिपिंडं माणसाचा जीव वाचवतात. मग करोनातून उठलेल्या माणसाची प्रतिपिंडं करोनाच्या रुग्णाला का वाचवू नयेत? जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘प्लाटिना’ नावाने प्लाझ्माची मोठी चाचणी सुरू केली, ती याच आशेवर.

उत्तर प्रतिपिंडांच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचं प्रथिन. वरची दोन टोकं शत्रूला पकडतात, खालचं शेपूट भक्षक पेशींना खूण पटवतं. करोनाच्या विषाणूवर काट्यांसारखी प्रथिनं असतात. त्या काट्याच्या टोकाशी असलेला एक छोटा भाग आपल्या पेशींवरच्या ‘एस-टू’ नावाच्या ग्राहकाला चिकटतो आणि विषाणू आत शिरतो. नेमका तोच भाग एखाद्या प्रतिपिंडाने झाकला, तर विषाणू पेशीच्या दाराशीच अडतो. अशा प्रतिपिंडांना निष्प्रभकारी म्हणतात. काट्याच्या इतर भागांना चिकटणारी प्रतिपिंडंही उपयोगी असतात, पण त्यांचं मुख्य काम खूण करण्याचं.

मला यातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रतिपिंडाचं हे टोक विषाणूला पाहून घडवलं जात नाही, ते आधीच कुठेतरी तयार असतं. आपल्या अस्थिमज्जेत प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी घडताना जनुकांचे तुकडे प्रत्येक पेशीत वेगळ्या तऱ्हेने जोडले जातात, त्यामुळे मूठभर जनुकांतून कोट्यवधी प्रकारची टोकं निर्माण होतात. हे कोडं सुसुमु टोनेगावा यांनी उलगडलं आणि त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. जगात कुणीही न पाहिलेला विषाणू २०१९ च्या अखेरीस माणसात आला, तेव्हा त्याला थोडंफार जुळणारं टोक असलेल्या बी पेशी बहुतेक माणसांच्या अंगात होत्या. फक्त फार थोड्या.

इथे वेळेचा प्रश्न येतो. जुळणारी पेशी विषाणूच्या तुकड्याला भेटायला हवी, मदतनीस टी पेशीने तिला हिरवा कंदील द्यायला हवा, मग ती वाढायला हवी. हे सारं लसिकाग्रंथींत चालतं. आपण अवधाण आलं म्हणतो तेव्हा तिथे अशीच वाढ चाललेली असते. वाढताना या पेशी आपल्या टोकाच्या जनुकात बारीकसारीक बदल करत राहतात, जास्त घट्ट पकडणाऱ्या टिकतात, बाकीच्या मरतात. शेवटी त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी बनतात आणि एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं रक्तात सोडू लागते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसात या कामाला एक-दोन आठवडे जातात. लक्षणं दिसू लागल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडतात.

विषाणूचं वेळापत्रक याहून घाईचं असतं. त्याची संख्या लक्षणं सुरू होण्याच्या आसपासच कळसाला पोहोचते आणि नंतर उतरू लागते. दम लागून माणूस रुग्णालयात पोहोचतो तोवर फुप्फुसाची नासाडी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होत असते. म्हणूनच ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारखं स्वस्त, दाह शमवणारं स्टेरॉइड वाचवू शकलं. शिवाय प्रतिपिंड पेशीच्या आत शिरू शकत नाही. विषाणू पेशीत घुसला की ती पेशी शोधून मारण्याचं काम टी पेशींकडे जातं.

आता ‘प्लासिड’कडे पुन्हा पाहू. साठवलेले नमुने तपासले तेव्हा दिसलं, की बहुतेक रुग्णांच्या रक्तात प्लाझ्मा देण्याआधीच निष्प्रभकारी प्रतिपिंडं होती, आणि दात्यांच्या प्लाझ्मात ती फारशी जास्त नव्हतीच. वापसा गेल्यावर केलेल्या पेरणीसारखी ही गत होती. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर प्लाझ्माने फरक पडत नाही, हेच पुन्हा सिद्ध झालं.

पण प्रतिपिंडं उसनी घेताच येत नाहीत, असा याचा अर्थ नाही. अर्जेंटिनात जुनिन विषाणूच्या रक्तस्रावी तापावर प्लाझ्मा चालतो, हे १९७९ मध्येच दिसलं होतं. आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत दिला तर मृत्यूचं प्रमाण १६.५ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं. तोच धडा लक्षात ठेवून तिथल्या डॉक्टरांनी करोनाकाळात १६० वृद्धांवर चाचणी केली. दोन पथ्यं पाळली. प्लाझ्मात प्रतिपिंडं भरपूर हवीत, आणि सौम्य लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत तो द्यायचा. गंभीर श्वसनविकाराचं प्रमाण ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं.

याहून स्पष्ट पुरावा प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांनी दिला. कॅसिरिव्हिमॅब आणि इम्डेव्हिमॅब हे मिश्रण भारतात मे २०२१ मध्ये आलं. एका रुग्णाच्या मात्रेला ५९,७५० रुपये पडत, त्यामुळे ते सामान्य घरांपर्यंत पोहोचलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ‘रिकव्हरी’ने ते रुग्णालयातल्या रुग्णांना देऊन पाहिलं. ज्यांच्या शरीराने अजून स्वतःची प्रतिपिंडं बनवली नव्हती, त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. ज्यांची बनली होती, त्यांना काहीच लाभ झाला नाही. औषध तेच, मात्रा तीच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. त्याच्या काट्यात तिसाहून अधिक बदल होते आणि हे महागडं मिश्रण त्याच्यापुढे निकामी ठरलं. लसीकरण झालेली माणसं मोठ्या संख्येने पुन्हा आजारी पडली, पण गंभीर आजारापासून त्यांचं बरंच संरक्षण झालं. काट्याचं टोक बदललं तरी टी पेशी ओळखतात ते तुकडे बरेचसे शाबूत होते, आणि स्मृती म्हणून उरलेल्या बी पेशी पुन्हा कामाला लागल्या. म्हणून प्रयोगशाळेतून आलेल्या चिठ्ठीवरचा अँटीबॉडीचा आकडा पाहून हुरळणं किंवा घाबरणं, दोन्ही चूक. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांचं आयुष्य असतंच मर्यादित, साधारण तीन आठवड्यांत ती निम्मी होतात. लढाई संपल्यावर आकडा उतरणारच. सौम्य करोना होऊन गेलेल्या माणसांच्या अस्थिमज्जेत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी जवळपास वर्षभरानंतरही सापडल्या आहेत. आकड्यात दिसत नाही ते बळ तिथे असतं. आणि नाकाच्या अस्तरावर पहारा देणारी आयजीए प्रतिपिंडं रक्ताच्या त्या नेहमीच्या चाचणीत मोजलीच जात नाहीत.

ज्यांना मात्र स्वतःची प्रतिपिंडं बनवताच येत नाहीत, त्यांची गोष्ट निराळी. रक्ताच्या कर्करोगाचे काही रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेले, रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने बी पेशीच नाहीशा झालेले. यांना लस घेऊनही पुरेसं संरक्षण मिळत नाही आणि विषाणू त्यांच्या शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. त्यांच्यासाठी लागण होण्याआधीच टोचायची, महिनोन्‌महिने टिकणारी प्रतिपिंडं डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि विषाणू बदलल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये ती मंजुरी मागे घ्यावी लागली. २०२४ मध्ये तिथे नवं प्रतिपिंड आलं. आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयांतल्या अशा रुग्णांना ते परवडेल अशा किमतीत कधी मिळेल, हा प्रश्न आता विचारायला हवा, पुढच्या साथीत व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तसेच संदेश फिरू लागण्याआधी.