‘मानापमाना’तील तीन भागीदार

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत रंगभूमीवर आणले. धनापेक्षा गुण श्रेष्ठ, हे त्याचे सूत्र. बालगंधर्व भामिनी झाले, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि पुढे धैर्यधरही तेच.

१९१३ मध्ये या तिघांनी भागीदारीत स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, उंची अत्तरे, नामवंत साथीदार. रंगभूमीच्या वैभवात कोठेही काटकसर नव्हती. नाट्यगृहे भरत होती, तरी कर्जही वाढत होते. आधी टेंबे, मग बोडस वेगळे झाले. कर्जाचा भार एकट्या बालगंधर्वांवर आला आणि तो त्यांनी नाटकांच्याच उत्पन्नातून वर्षानुवर्षे उतरवला.

तरीही ध्येय पुरते विझले नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी त्यांनी प्रतिस्पर्धी केशवराव भोसले यांच्यासह टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले.

भागीदारी करणाऱ्या घरांना यात ओळखीचे बरेच काही आढळेल. स्नेहाने सुरू झालेली पेढी केवळ स्नेहावर चालत नाही. हिशेब वेळच्या वेळी समोर ठेवला, तर स्नेहही टिकतो.