हिमस्खलन : धोक्याची पूर्वचिन्हे

सह्याद्रीचे गडकोट पालथे घालणारे मोशी, भोसरी, चाकण परिसरातील तरुण सुटीत हिमालयाचीही वाट धरतात. कडे व निसरड्या वाटा त्यांच्या परिचयाच्या असतात. बर्फाचा उतार मात्र नवखा असतो. तो वरून शांत दिसतो आणि धोका त्याच्या पोटात दडलेला असतो.

मोशीच्या दगडखाणींमुळे खडीचे ढीग येथे सर्वांनी पाहिलेले आहेत. ढिगाचा उतार एका मर्यादेपर्यंतच चढा होतो. पुढे खडी आपोआप घसरते. बर्फाचे तसे नाही. त्याचे कण परस्परांना चिकटतात. त्यामुळे तो तीव्र उतारावरही तग धरतो आणि मग एकाएकी सुटतो.

बर्फ का सुटतो?

प्रत्येक हिमवृष्टीबरोबर बर्फाचा नवा थर साचतो. पृष्ठभाग अतिशय गार व जमिनीलगतचा बर्फ तुलनेने उबदार असला, म्हणजे खालची वाफ वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे कण तयार होतात. अशा दुबळ्या थरावर वाऱ्याने घट्ट झालेला बर्फ बसला, की एका माणसाच्या भारानेही वरची संपूर्ण लादी निसटू शकते. 30 ते 45 अंशांचे उतार यादृष्टीने सर्वाधिक धोक्याचे होत. अशा अपघातांत बहुधा अपघातग्रस्ताच्या अथवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच लादी सुटलेली असते.

हा धोका अनुभवी व्यक्तींनाही चुकलेला नाही. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये 10 जवान बर्फाखाली गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकातील 29 जण मृत्युमुखी पडले.

कोणती दक्षता घ्यावी?

गेल्या 24 तासांत झालेली मोठी हिमवृष्टी, जोराचा वारा, अचानक वाढलेले तापमान, शेजारच्या उतारावर नुकताच कोसळलेला बर्फ, पावलाखाली उमटणारा धप्प असा पोकळ आवाज व पृष्ठभागावर धावणारी भेग, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी उतारावर अथवा त्याच्या पायथ्याशी थांबू नये. संशयास्पद उतार ओलांडणे अटळच असेल, तर एकेकाने ओलांडावा व इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. चंडीगड येथील संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. प्रस्थानापूर्वी त्यांची चौकशी करावी.

गाडल्या गेलेल्या व्यक्तीची जगण्याची आशा पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. एवढ्या अवधीत बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. शोध घ्यावा लागतो तो सोबत्यांनाच. याकरिता प्रत्येकाजवळ संकेत देणारे व घेणारे यंत्र, बर्फात खुपसण्याची लांब सळई व फावडे असणे आणि त्यांचा सराव असणे अगत्याचे आहे. तथापि, साधने ही अपघातानंतरची तजवीज होय. शिखर पुढील वर्षीही तेथेच असते. चिन्हे प्रतिकूल दिसताच माघारी वळणे हाच खरा बचाव होय.